कार्डावर नाव कुणाचं?

हातातलं काम चालू ठेवा, ऐकता ऐकता होईल.

आमच्या गटांचे फॉर्म भरताना ‘कुटुंबप्रमुख’ असा एक रकाना येतो. तिथं बऱ्याच जणी थांबतात. कुणाचा नवरा गलाईच्या धंद्याला परमुलखात गेला आणि तिकडंच दुसरा संसार थाटून बसला. कुणी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तिला न्यायला कुणी आलंच नाही. गावात विचारलं तर म्हणतात, “ती नांदत नाही.” त्यानं नांदवलं नाही, असं कुणी म्हणत नाही!

आपल्या सांगली-साताऱ्यात ऐंशीच्या दशकात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं अशा परित्यक्ता बायांना एकत्र केलं. त्यात वाळवा तालुक्यातल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकर पुढं होत्या. प्रतिसरकारच्या लढ्यातल्या या बाई. १९५२ साली त्यांचे पती बाबूजी यांचा खून झाला, तेव्हा मुलगा भारत लहान होता. त्याच घरात पुढं सून आली ती अमेरिकेत शिकलेली. गेल ऑम्व्हेट त्यांचं नाव. महात्मा फुल्यांच्या चळवळीवर अभ्यास करायला आल्या, १९७६ साली भारत पाटणकरांशी लग्न केलं, १९८३ साली भारताचं नागरिकत्व घेतलं आणि २०२१ साली जाईपर्यंत कासेगावच्याच राहिल्या. सासू मोर्चात, सून मोर्चातही आणि लिहिण्यातही.

या बायांचं मागणं नुसतं ‘नवऱ्याला समज द्या’ एवढं नव्हतं. आमच्या नावाचं वेगळं रेशनकार्ड द्या, घराला जागा द्या, कसायला जमीन द्या, असं त्या म्हणत होत्या. म्हणजे बाई आणि तिची लेकरं, एवढंही एक पुरं कुटुंब आहे, हे सरकारदप्तरी लिहा. आम्हाला यातलं हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. दया मागितली की साडीचोळी मिळते. कार्ड मिळालं की धान्य मिळतं, पत्ता मिळतो.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत मोठी बाईच कुटुंबप्रमुख धरली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावापुढं आधी आईचं नाव लागतं, मग वडलांचं.

तरीही आमच्यातली एक जण गेली काही वर्षं भावाच्या पडवीत दोन लेकरं घेऊन राहते. तिघांची नावं अजून सासरच्या कार्डावर. धान्य तिकडं उचललं जातं, इकडं ती दुकानातून विकत घेते. तिकडची नावं कमी झाल्याशिवाय इकडं कार्ड निघत नाही, आणि सासरचे सही देत नाहीत. भावजय वाईट नाही हो, पण तिचीही चूल तिलाच चालवायची आहे.

गटानं तिचा लेखी अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत दिला, पोच घेतली. सही मिळत नाही हेही त्यात लिहिलं. येत्या सोमवारी आम्ही सात जणी तिच्यासोबत जाणार आहोत.

तुमच्या गटात अशी कुणी असेल तर पुढच्या बैठकीला तिचं आणि लेकरांची आधारकार्डं, रहिवासी दाखला आणि जुन्या रेशनकार्डाची झेरॉक्स असेल ती घेऊन यायला सांगा. झेरॉक्स नसली तरी येऊ द्या. अर्ज लिहायला आम्ही बसतो.