अफवेला उत्तर कोण देतो?
(माजी विद्यार्थी मेळावा, सेक्टर 34, चंदीगड येथील भाषण)



आज आपण ल कॉर्ब्युझिएने आखलेल्या नगरात जमलो आहोत. येथे प्रत्येक वस्तीला क्रमांक आहे. फक्त 13 हा क्रमांक वगळलेला होता. तो मणिमाजऱ्याला मिळाला थेट 2020 साली. तर्काने रचलेल्या शहरातही भीतीने आपली जागा राखली होती. ही भीती निरुपद्रवी. सगळ्याच तशा नसतात.

1896 साली मुंबईत प्लेग आला. तेव्हा बोलवा उठली की, राणीच्या पुतळ्याच्या विटंबनेचा सूड म्हणून इस्पितळात रुग्णांची काळजे काढून विलायतेस पाठवतात. ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. ही माणसे मूर्ख होती काय? नव्हे. रुग्णाला घरातून बळाने नेत, आणि नेलेला माणूस बहुधा परतत नसे. ज्याला कोणी कारण सांगत नाही, तो स्वतःच कारण रचतो. शिवाय जंतूवर रागावता येत नाही, शत्रूवर येते.

जानेवारी 1897 मध्ये हाफकिन यांनी आपली लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तरी संशय सरला नाही. पुढे 1902 साली याच पंजाब प्रांतातील मुलकोवाल गावी लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले, तेव्हा तो अधिकच बळावला. अफवेला सत्याचा एक कण पुरतो.

याच साथीत पुण्याजवळ सावित्रीबाई फुले आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, आणि 10 मार्च 1897 रोजी त्याच रोगाने गेल्या. त्यांनी युक्तिवाद केला नाही. त्या सोबत चालल्या.

हा केवळ इतिहास नाही. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. मोबाइलवरील संदेशाने भीतीला वाट दिली. ‘थांबा, आधी विचारू’ हे शब्द त्या गर्दीत टिकले नाहीत.

करोनाकाळात माझ्या वडिलांनी लस नाकारली. मी आकडे मांडले. ते गप्प झाले, पण त्यांना पटले नाही. आपण हरलो असे कोणालाच वाटू द्यायचे नसते, हे मला तेव्हा उमगले. अखेर त्यांचा शाळासोबती म्हणाला, “मी घेतली. चल, शेजारी बसतो.” ते उठले.

शाळेने आपल्याला विज्ञान शिकवले. त्याहून मोलाचे म्हणजे एका बाकावर बसायला शिकवले. पुढचा संशयास्पद संदेश आला की पाठवणाऱ्याची थट्टा करू नका. त्याला फोन करा, आणि विचारा, “तुला नेमकी कसली भीती वाटते?” हीरक महोत्सवी शाळेला आपली तीच गुरुदक्षिणा ठरेल.