धूर नाही, म्हणून भय नाही?



पौषातला गारठा सातपुड्यावरून खाली उतरला, म्हणजे जामसांवली, सौसर, पांढुर्णा या आपल्या भागात पहाटे पहिली आठवण होते ती ऊन पाण्याची. पूर्वी हे पाणी परसातल्या तांब्याच्या बंबात तापे आणि धूर बंबाच्या नळीवाटे वर निघून जाई. तो घरात शिरलाच, तर डोळे चुरचुरत आणि वडील मंडळी बंब तत्काळ बाहेर ठेवावयास लावीत. धूर त्रासदायक खरा, परंतु तो इमानी पहारेकरी होता.

आज बंबाची जागा गॅसच्या गीझरने घेतली आहे. त्याची ज्योत डोळ्यांत पाणी आणीत नाही. म्हणून आपण तो निःशंकपणे न्हाणीघरात टांगतो. विस्तव आत आला, धुराडे मात्र आपण विसरलो.

थोडा हिशेब करून पाहा. १ किलो गॅस पुरता जळण्यास सुमारे १३ घनमीटर हवा लागते. ५ फूट रुंद, ६ फूट लांब व ८ फूट उंच अशा न्हाणीघरात ७ घनमीटरही हवा मावत नाही. दार-खिडकी बंद असली, की लवकरच ज्योतीला प्राणवायू अपुरा पडतो आणि अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळताना येणारा उग्र दर्प हा सूचना मिळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. या विषाला तशी खूण नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला ते प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बिलगते. डोके दुखते, घेरी येते, पाय लुळे पडतात. कडी काढण्याचे भान येण्याआधीच शुद्ध हरपते.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन येथे केरळचे ८ प्रवासी एका खोलीत गॅसचा हीटर लावून, दारेखिडक्या बंद करून निजले. ते पुन्हा उठले नाहीत. त्यांत ४ मुले होती.

उपाय अवघड नाही. गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत केवळ ऊन पाण्याचा नळ यावा. धुराडे उघड्यावर निघावे, शेजारच्या खोलीत किंवा बंद बोळात नव्हे. हवा आत येण्यास खालीही झरोका हवा. नुसता पंखा हवा बाहेर ओढू लागला, तर धुराड्यातला वायू उलटा आत येऊ शकतो. ज्योत निळी असावी. पिवळी दिसल्यास कारागीर बोलवावा. भाड्याच्या घरात गीझर हलविणे शक्य नसेल, तर दार उघडे ठेवून बादली भरावी, गॅस बंद करावा आणि मगच स्नानास बसावे. कोणी बेशुद्ध आढळल्यास दार उघडून त्याला प्रथम मोकळ्या हवेत आणावे आणि विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

जामसांवलीस मारुतिरायाच्या दर्शनाला दूरदूरचे लोक येतात व मुक्काम करतात. पाहुण्याला ऊन पाणी देणे हा आपला रिवाज आहे. त्या पाण्याबरोबर मोकळी हवाही द्यावी, एवढीच विनंती.