पिझ्झा पफ : भाजलेला, पण हलका नव्हे



‘बेक केलेलं आहे हो, तळलेलं थोडंच आहे?’ आहाराचा सल्ला घ्यायला येणाऱ्या आयांकडून हे वाक्य मी नेहमी ऐकते. विषय असतो मुलांच्या मधल्या सुट्टीचा, नाहीतर क्लासला जाता जाता खाल्लेल्या पिझ्झा पफचा. वडा नको, समोसा नको, कढईतलं तेल किती वेळा उकळलंय कोण जाणे. त्यापेक्षा बेकरीतला पफ बरा, असा त्यांचा विचार असतो. त्यामागची काळजी अगदी खरी आहे. हिशेब मात्र चुकतो, आणि तो कुठे चुकतो तेच आज सांगायचं आहे.

एकदा बेकरीच्या मागच्या बाजूला उभं राहून पफ कसा करतात ते पाहावं. मैदा, मीठ आणि पाणी मळून जाडसर पोळी लाटतात. तिच्यावर मार्गारीनचा थर देतात. मग तिची तिपदरी घडी, पुन्हा लाटणं, पुन्हा घडी. अशी घडी सहा वेळा घातली तर गणिताने ७२९ पदर होतात. भट्टीत गेल्यावर पिठातल्या पाण्याची वाफ होते आणि ती पदर वर उचलते. मधलं मार्गारीन पदरांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून इतके सुरेख पापुद्रे सुटतात. समोसा कढईत तेल पितो; पफमध्ये ते भट्टीत जाण्याआधीच घडीघडीत भरलेलं असतं.

आता आकडे पाहू. अमेरिकेच्या कृषी विभागाच्या पोषणतक्त्यात भाजलेल्या पफ पेस्ट्रीची नोंद आहे. १०० ग्रॅमला साधारण ५५८ कॅलरी, ३८ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, ७ ग्रॅम प्रथिनं आणि तंतू जेमतेम दीड ग्रॅम. आपल्याकडे बेकरीगणिक प्रमाण कमीजास्त होणार, पण अंदाजाला हे आकडे पुरेसे आहेत. एका पफचं नुसतं कवच ५० ग्रॅमचं धरा. त्यात २८० च्या आसपास कॅलरी आल्या आणि १९ ग्रॅम स्निग्ध पदार्थ आले, म्हणजे चहाचे चार चमचे. कवचातल्या दर पाच कॅलरींमधल्या तीन या स्निग्ध पदार्थाच्याच असतात. आपल्या पाकिटबंद खाद्यपदार्थांच्या लेबलवर दिवसाच्या गरजेची टक्केवारी काढताना ६७ ग्रॅम स्निग्ध पदार्थ हे प्रमाण धरतात, तेही मोठ्या माणसाचं. त्यातला चौथ्या हिश्शाहून अधिक भाग या कवचातच संपला, आणि आपण सारणापर्यंत अजून पोचलोही नाही.

सारण तरी किती असतं? पफ मधोमध मोडून पाहा. मक्याचे चार दाणे, सिमला मिरचीचे बारीक तुकडे, कांदा, दाट लाल सॉस आणि चीजची एखादी तार. सगळं मिळून दोन चमचे भरेल. सॉस आणि चीजमध्ये मीठ बरंच असतं, आणि कवचातलं मीठ वेगळंच. मोठ्या माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांना त्याहून कमी पुरतं. चीज १० ग्रॅम घातलं तर त्यातून २ ग्रॅम प्रथिनं मिळतील. म्हणजे अख्ख्या पफमधून पाच-सहा ग्रॅम प्रथिनं आणि त्यासाठी सव्वातीनशेच्या घरात कॅलरी. तेवढीच प्रथिनं एका उकडलेल्या अंड्यात किंवा मूठभर फुटाण्यांत मिळतात. अंड्याच्या कॅलरी असतात सत्तर-पंचाहत्तर, फुटाण्यांच्या शंभर-सव्वाशे.

तंतूंचीही तीच गत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत मैद्याच्या १०० ग्रॅमला पावणेतीन ग्रॅम तंतू आहेत, ज्वारीला १० आणि गव्हाच्या कणकेला ११ च्या वर. पफ खाल्लेलं मूल तासाभरात पुन्हा ‘भूक लागली’ म्हणतं, त्यात आश्चर्य वाटू नये.

आता त्या मार्गारीनबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. पदर सुटायचे तर मधला स्निग्ध पदार्थ घट्ट हवा. शेंगदाण्याचं तेल तिथे चालत नाही, ते पिठात जिरून जातं. लोणी चालतं, पण ते महाग आणि उन्हाळ्यात लगेच वितळणारं. म्हणून बेकऱ्यांनी वनस्पती तूप आणि मार्गारीन धरलं. डालडा १९३७ पासून आपल्या ओळखीचा आहे. तेलात हायड्रोजन अर्धवट मिसळून ते घट्ट करताना ट्रान्स फॅट तयार होतं, आणि ते हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फार वाईट. यावर आपल्या देशाने चांगलं पाऊल उचललं. तेल-तुपातल्या ट्रान्स फॅटची मर्यादा २०२१ साली ३ टक्क्यांवर आणली आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर. तेल-तूप घालून केलेल्या पदार्थांनाही ती लागू आहे. याचं मला मनापासून समाधान वाटतं.

पण ‘ट्रान्स फॅट शून्य’ हे शब्द वाचून कुणी निर्धास्त होऊ नये. घट्टपणासाठी आता बरेचदा पाम तेलापासून काढलेला घट्ट भाग वापरतात आणि त्यात संपृक्त चरबी, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, भरपूर असते. कॅलरी तर एकाही कणाने कमी होत नाहीत. कुठलंही तेल-तूप घ्या, ग्रॅमला ९ कॅलरी ठरलेल्याच.

अडचण अशी की पाकिटातल्या पदार्थावर हे सगळं छापलेलं असतं. दहा किंवा त्याहून जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना २०२२ पासून मेनूवर कॅलरी लिहाव्या लागतात. कोपऱ्यावरच्या बेकरीच्या काचेमागे ठेवलेल्या गरम पफवर मात्र काहीच लिहिलेलं नसतं. तिथे आपलं आपल्यालाच विचारावं लागतं. ‘यात लोणी आहे की मार्गारीन?’ हे विचारण्यात कसला संकोच? बेकरीवाल्याला ते ठाऊक असतं.

मग मुलांनी पफ खायचाच नाही का? वाढदिवसाला, सहलीला, महिन्यातून एखाद्या वेळी जरूर खावा, चवीने खावा. रोजच्या डब्यात मात्र तो नको. मुलांना त्यातलं आवडतं काय, ते एकदा नीट बघा. त्यांना हवी असते सॉसची, चीजची, ओरेगॅनोची चव, आणि ती सगळी सारणात आहे. तेच सारण घरी टोमॅटो शिजवून करा. मका, सिमला मिरची आणि थोडं कुस्करलेलं पनीर घाला, वरून चीज किसा. कणकेच्या पोळीत भरून, कडा दाबून तव्यावर चमचाभर तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. आदल्या रात्री सारण तयार असेल तर सकाळी दहा मिनिटांचं काम आहे. माझ्याकडे येणाऱ्या कित्येक घरांतल्या मुलांनी ही पोळी आनंदाने स्वीकारली आहे.

शेवटी पालक आणि शिक्षकांना एक विनंती. चरबी, मीठ किंवा साखर जास्त असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पालक-शिक्षक संघाच्या येत्या बैठकीत तो वाचून दाखवा आणि आपल्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये काय विकलं जातं, त्याची यादी मागून घ्या.