वैमानिक, मद्य आणि आपली मुले

(मंडळाच्या छत्रपती संभाजीनगर येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



मजवर सोपविलेला विषय संमेलनाच्या मंगल वातावरणास काहीसा विसंगत वाटण्याचा संभव आहे. गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार नुकताच आटोपला, आणि त्याच व्यासपीठावरून दारूची गोष्ट काढावयाची, हे कित्येकांस रुचणार नाही. परंतु ज्या मुलामुलींचा आपण आज सत्कार केला, त्यांपैकी काहींनी वैमानिक होण्याचा संकल्प येथेच बोलून दाखविला. तेव्हा हा विषय त्यांचाच आहे, आणि त्याहून अधिक त्यांच्या आईवडिलांचा आहे.

व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविण्यास दोनशे तासांचे उड्डाण पुरे करावे लागते. बारामती असो, गोंदिया असो, की अमेरिकेतील एखादे विद्यालय असो, त्या शिक्षणाचा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात किंवा त्याही पलीकडे जातो. आपल्यासारख्या मध्यम स्थितीच्या कुटुंबांत एवढी रक्कम शेत विकून किंवा राहते घर तारण ठेवूनच उभी राहते. आणि एवढे करून हाती येणारा परवाना एकटा उपयोगाचा नाही. त्याच्या जोडीस वैद्यकीय प्रमाणपत्र वैध असावे लागते. वकिलाची सनद एकदा मिळाली की त्याची प्रकृती कोणी विचारीत नाही. वैमानिकाची मात्र ठराविक मुदतीने पुनःपुन्हा तपासली जाते, आणि प्रमाणपत्र गेले की त्याच दिवशी विमान जमिनीवर येते.

ह्या शहरात विमानाचा विषय निघाला की वडीलधाऱ्यांस 26 एप्रिल 1993 ची दुपार आठवतेच. चिकलठाण्याहून उडालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग धावपट्टीच्या टोकाशी असलेल्या बीड रस्त्यावरील कापसाच्या गाठींच्या ट्रकवर आदळले, आणि 118 जणांपैकी 55 जण प्राणास मुकले. त्या अपघाताचा मद्याशी काडीमात्र संबंध नव्हता, हे मी प्रथमच निःसंदिग्धपणे सांगतो. चौकशीत दोन कारणे पुढे आली : विमानाचे नाक उचलण्यास झालेला विलंब व त्यातील चुकलेली पद्धत हे एक, आणि उड्डाणसमयी रस्त्यावरची रहदारी रोखण्यात झालेली हयगय हे दुसरे. त्याचा उल्लेख एवढ्याचसाठी की, शुद्धीवर असलेल्या, अनुभवी माणसाकडूनही काही क्षणांचा उशीर झाला तर काय होते, हे ह्या गावास निराळे सांगावे लागत नाही. मद्य माणसाचे बोलणे अडखळविण्याच्या कितीतरी आधी नेमके हेच करते. क्षणाचा अंदाज चुकविते, आणि तो चुकला आहे ही जाणीवही पुसून टाकते.

आता नियम पाहू. 1937 सालच्या विमान नियमांतील चोविसाव्या नियमाने उड्डाणापूर्वी बारा तास मद्यपानास मनाई केली. त्यावर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने उड्डाणापूर्वीच्या श्वासपरीक्षेची सक्ती घातली. कॅमेऱ्यासमोर श्वास फुंकावयाचा, यंत्राने शून्यच दाखवावयाचे. अंश आढळल्यास तोंड धुऊन, थोड्या वेळाने दुसरी चाचणी. तीही चुकली तर प्रथम अपराधास परवाना तीन महिने निलंबित, दुसऱ्यास तीन वर्षे, आणि तिसऱ्यास रद्द. चाचणी टाळून निसटणाऱ्यासही सवलत नाही. हे केवळ कनिष्ठांसाठी आहे असे कोणी समजू नये. नोव्हेंबर 2018 मध्ये दिल्लीहून लंडनला निघालेल्या विमानाच्या उड्डाणापूर्वी एअर इंडियाचे तत्कालीन परिचालन संचालकच दोन्ही चाचण्यांत अनुत्तीर्ण ठरले. 2017 साली चाचणी न दिल्याबद्दल त्यांचा परवाना तीन महिने निलंबित झालेलाच होता. ह्या वेळी तो तीन वर्षांसाठी गेला, आणि पदही गेले.

बारा तासांच्या नियमाविषयी आपल्या मुलांत एक घातक गैरसमज आहे, म्हणून येथे थोडे अंकगणित मांडतो. माणसाचे यकृत दर तासाला सुमारे पंधरा मिलिग्रॅम ह्या वेगाने रक्तातील मद्य काढून टाकते. कोणाचे थोडे अधिक, कोणाचे थोडे उणे. पण कडक कॉफीने, लिंबूपाण्याने किंवा थंड स्नानाने हा वेग वाढत नाही. समजा, मित्राच्या लग्नाच्या वरातीत रात्री एक वाजता एखाद्याच्या रक्तात शंभर मिलिलिटरमागे 150 मिलिग्रॅम मद्य आहे. ते संपण्यास दहा तास लागतील. पहाटे पाच वाजता, म्हणजे चार तासांनी, त्याच्या रक्तात 90 मिलिग्रॅम उरलेलेच असेल, आणि ते रस्त्यावरील कायद्याने ठरविलेल्या मर्यादेच्या तिप्पट आहे. ज्याने त्याहून अधिक घेतले असेल, त्यास बारा तासांची मर्यादाही अपुरी पडते. आणखी एक गोष्ट वैद्यकशास्त्र सांगते. आपला तोल सांभाळणाऱ्या अंतःकर्णातील द्रवात मद्य उशिरा शिरते आणि उशिरा बाहेर पडते. त्यामुळे रक्त शून्यावर आल्यानंतरही काही तास डोके हलविताच भोवळ येऊ शकते. ढगांत शिरल्यावर क्षितिज दिसेनासे होते, तेव्हा असा कान घेऊन बसलेल्या वैमानिकाची कल्पना आपणच करावी.

एथवरची गोष्ट विमानाची झाली. आता मोटारीची.

मोटार वाहन कायद्याच्या 185 व्या कलमाने शंभर मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमहून अधिक मद्य हा गुन्हा ठरतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड, अथवा दोन्ही; पुढच्या गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजारांचा दंड, अथवा दोन्ही. आपल्याकडे अनेक पालक असे मानतात की जालना रस्त्यावर पोलिसांनी अडविले, दंड भरला, प्रकरण मिटले; त्याचा विमानाशी संबंध तो काय? ही समजूत भ्रामक आहे. विमानतळाचे प्रवेशपत्र पोलिसांकरवी पूर्वचारित्र्याची पडताळणी होऊन मिळते. शिवाय वैमानिकास मद्याचे व्यसन असता कामा नये, हा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने घालून दिलेल्या वैद्यकीय निकषांचाच भाग आहे. रस्त्यावरील खटला हा परीक्षक वैद्यास त्या व्यसनाचा पहिला धागा वाटला, तर त्यास दोष कसा द्यावा?

अमेरिकेत तर ह्या दोन गोष्टींची गाठ नियमानेच मारली आहे, आणि आपली काही मुले तेथेच शिकतात, म्हणून हे विशेष लक्षात ठेवावे. मद्यप्राशन करून मोटार चालविल्याबद्दल शिक्षा झाली, किंवा त्यापायी मोटारीचा परवाना निलंबित झाला, तर वैमानिकाने साठ दिवसांच्या आत तेथील विमान प्रशासनास लेखी कळविले पाहिजे. वैद्यकीय तपासणीच्या अर्जातही ते पुन्हा लिहावे लागते. तीन वर्षांत दोन प्रसंग घडले तर परवान्यावरच गदा येऊ शकते. रक्तातील प्रमाण 0.15 टक्के वा अधिक असेल, किंवा चाचणीसच नकार दिला असेल, तर तपासणारा वैद्य प्रमाणपत्र हाती देत नाही. प्रकरण वर जाते. मूळ अपराधापेक्षा तो लपविणे हे अधिक महागात पडते, हा तेथील सार्वत्रिक अनुभव.

परदेशचे दोन प्रसंग सांगतो. ऑक्टोबर 2018 मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर जपान एअरलाइन्सच्या एका सहवैमानिकाच्या तोंडाचा वास चालकदलास नेणाऱ्या बसच्या चालकास आला, आणि त्याने तत्काळ कळविले. तपासणीत शंभर मिलिलिटर रक्तात 189 मिलिग्रॅम निघाले. तेथील वैमानिकांची मर्यादा 20 ची. त्यास दहा महिन्यांचा कारावास झाला. बसचालकाच्या त्या धीटपणाचे मला फार कौतुक वाटते.

दुसरा प्रसंग 8 मार्च 1990 चा. नॉर्थवेस्ट एअरलाइन्सच्या तीन वैमानिकांनी रात्री यथेच्छ मद्यपान करून सकाळी फार्गोहून मिनियापोलिसला विमान नेले. तिघांसही कैद झाली. त्यांपैकी कप्तान लाइल प्राउस ह्यांचे सर्व परवाने गेले. त्यांनी व्यसनावर उपचार घेतले, शिक्षा भोगली, एकेक परवाना आरंभापासून पुन्हा मिळविला, आणि त्याच कंपनीत परत येऊन बोइंग 747 चे कप्तान म्हणून निवृत्त झाले. 2001 साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन ह्यांनी त्यांस माफी दिली. परतीचा मार्ग आहे. पण तो उपचारांतून जातो आणि कित्येक वर्षे खातो. घरचा मुलगा पीत असेल, तर ते नातलगांपासून लपविण्यापेक्षा वैद्यापुढे उघड करणे हे त्याच्या नोकरीच्याही हिताचे आहे.

शेवटी एक बारीक पण उपयुक्त सूचना, विशेषतः माताभगिनींसाठी. 2023 च्या सुधारणेनुसार अल्कोहोलयुक्त औषध, इतकेच काय, तसे तोंड धुण्याचे द्रावणही विमान कर्मचाऱ्यांस वर्ज्य आहे. आपण थकवा आला की प्रेमाने दशमूलारिष्ट देतो, पोटासाठी कुमारीआसव देतो. ह्या आसव-अरिष्टांत आंबवण्यामुळे मद्यांश असतोच. खोकल्याच्या काही औषधांतही तो असतो. घरी वैमानिक असेल तर बाटलीवरील मजकूर वाचावा, आणि असे औषध घेणे भागच असेल तर त्याने उड्डाणापूर्वी कंपनीच्या वैद्यास विचारावे. कोणाकडे अशी बाटली असेल आणि शंका असेल, त्यांनी सभेनंतर मला दाखवावी. जेवणाची पंगत बसेपर्यंत मी येथेच आहे.