खेळपट्टी कोणी लाटली?

(वर्सोवा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



पुण्याच्या सहकारनगरातील ‘ब्लेड्स ऑफ ग्लोरी’ हे क्रिकेट-संग्रहालय आपण अवश्य पाहावे. २०१२ साली सचिन तेंडुलकर यांच्या हस्ते ते खुले झाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने स्पष्ट केले की, कोणताही खेळ ‘राष्ट्रीय’ म्हणून घोषित झालेला नाही. क्रिकेटला तो मान दिला आहे जनतेने.

तेथील स्वाक्षरीच्या बॅटी पाहताना बाळू पालवणकर यांचे स्मरण ठेवा. पुण्यातच, गोऱ्या साहेबांच्या क्लबात, हा चर्मकार तरुण तुटपुंज्या पगारावर खेळपट्टी लाटीत असे. पुढे हिंदूंच्या संघाने त्यांची गोलंदाजी स्वीकारली. चहा मात्र बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात दिला. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरीही कर्णधारपद त्यांना नाकारले गेले. १९२० साली विठ्ठल आणि शिवराम या बंधूंनी निषेधार्थ संघ सोडला. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले.

पराक्रम पुरेसा ठरला नाही. संघर्ष करावा लागला. वर्सोव्याच्या वाळूत चेंडू टाकणाऱ्या पोरांना त्या बॅटी दाखवाच. पण खेळपट्टी कोणी लाटली, हेही सांगा.