मूठभर पीठ आणि देवावरील भरंवसा



दुष्काळनिवारणाच्या अहवालांत धर्मश्रद्धेवरील भाषणास जागा द्यावी, हें कांहीं वाचकांस विलक्षण वाटेल. आंकडे पाहिजेत, उपदेश नको, असें म्हणणारे व्यापारी गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत, आणि त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नाहीं. परंतु दुष्काळांत माणूस देवावर भरंवसा ठेवतो म्हणजे नेमकें काय करतो, हा प्रश्न आमच्या या मुलखास पूर्वीं फार कठोरपणें विचारला गेला आहे. आणि ख्रिस्ती शास्त्रांत त्याचीं जीं उत्तरें आहेत, त्यांचा संबंध ध्यानधारणेपेक्षां कोठाराच्या दाराशीं अधिक आहे. म्हणून तीं आपणांपुढें ठेवतों. आपणांपैकीं बहुतेक ख्रिस्ती नाहींत, हें जाणूनच ठेवतों.

ज्या मध्य प्रांताची राजधानी त्या काळीं नागपूर होती, तेथें १८९६ सालीं पाऊस लवकर आटोपला. खरीप करपला, रब्बीस ओल उरली नाहीं, आणि १८९७ सालीं सरकारी कामांवर व गरीबखान्यांत माणसांची रीघ लागली. दोन वर्षें जातात न जातात तोंच १८९९ सालीं पावसानें पुन्हां दगा दिला. मुंबईहून आगगाडी १८६७ सालींच नागपुरास पोहोंचली होती; धान्य आणण्यास वाट होती, आणि त्याच वाटेनें चांगल्या सालांत गहूं बाहेरही गेला होता.

त्या पहिल्या दुष्काळांत पुण्याहून पंडिता रमाबाई मध्य प्रांतांत आल्या. दुष्काळ त्यांस ऐकून ठाऊक नव्हता. त्यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याबरोबर क्षेत्रोक्षेत्रीं पुराण सांगत हिंडत असतां, १८७० नंतरच्या दशकांत दक्षिणेंत पडलेल्या दुष्काळांत त्यांचे वडील, आई व थोरली बहीण अशीं तीन माणसें गेलीं. जवळचें द्रव्य दानधर्मांत व अनुष्ठानांत सरलें होतें. मोलमजुरी करावी तर पंडिताच्या घरास तिची संवय नव्हती. पुढें १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. यावरून पहिली श्रद्धा फसली व दुसरी फळास आली असा हिशेब कोणी मांडूं नये. उपाशी माणसाच्या प्रार्थनेचा न्याय करणें हें आमचें काम नव्हे.

१८९६ च्या दुष्काळाची बातमी आली तेव्हां शारदासदनांत पोसावयाच्या मुली होत्याच, आणि गांठीं शिल्लक फारशी नव्हती. तरी त्या निघाल्या. आधीं पैसा येऊं दे, मग मुली आणूं, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. मदतकेंद्रांवर भुकेपेक्षांही भयंकर अशी एक गोष्ट त्यांच्या दृष्टीस पडली: अनाथ मुली व तरुण विधवा यांस घांसभर अन्नाच्या आमिषानें पळविणारे लोक तेथेंच टपून असत. सुमारे तीनशें मुली व स्त्रियांस त्यांनीं आपल्याकडे आणलें. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगाचे निर्बंध आले, तेव्हां त्यांस केडगांवच्या शेतावर हलवावें लागलें. तेथेंच मुक्तिसदन उभें राहिलें. विहिरी खणल्या गेल्या, शेत पिकूं लागलें, पुढें छापखानाही चालला. मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून सोप्या मराठींत बायबल उतरविण्याचें काम त्यांनीं मरेपर्यंत केलें. १९२२ सालीं त्या वारल्या. ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला.

आतां अशी बाई ज्या वचनांवर भार टाकून चालते तीं पाहूं. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायांत सीदोनाकडील सारफथ गांवची एक विधवा वेशीपाशीं काटक्या वेंचीत आहे. मडक्यांत मूठभर पीठ, कुपींत थोडें तेल. स्वतःसाठीं व मुलासाठीं शेवटची भाकर भाजावी आणि मग मरणाची वाट पाहावी, इतकाच तिचा बेत. एलीया संदेष्टा तिच्याजवळ पाणी मागतो, मग भाकर मागतो, आणि तीही आधीं आपल्यासाठीं! हा भाग वाचतांना आम्हांस नेहमीं अवघडल्यासारखें होतें. उपाशी विधवेस तुझा घांस आधीं मला दे असें सांगणें कोणत्याही मदतसमितीस शोभणार नाहीं. ही कथा भुकेल्यास सांगण्याची नव्हेच; ज्याच्या घरीं मुठीहून अधिक आहे त्यास सांगण्याची आहे. तिनें दिलें, आणि पाऊस पडेपर्यंत मडकें रितें झालें नाहीं. तें भरून वाहूं लागलें असें मात्र तेथें कोठें लिहिलेलें नाहीं. रोजच्या रोज पुरलें.

हीच कथा येशूंनीं नासरेथच्या सभास्थानांत काढली, असें लूक सांगतो. स्वदेशांत पुष्कळ विधवा असतां संदेष्टा परक्या देशांतील बाईकडे पाठविला गेला, याची त्यांनीं आठवण दिली, तेव्हां ऐकणारे इतके चिडले कीं त्यांस कड्यावरून लोटून देण्यास निघाले. दुष्काळांत ख्रिस्ती मंडळींनीं पोटाच्या मोबदल्यांत धर्म घेतला, हा आरोप जुना आहे. रमाबाईंच्या कार्यावरही तो झाला. अनाथ मूल ज्याच्या घरीं वाढतें त्याचाच देव शिकतें, हें खरें असल्यामुळें तो हंसण्यावारी नेतां येत नाहीं. परंतु सारफथच्या विधवेस भाकरीपूर्वीं कोणी धर्म विचारला नाहीं, आणि या समितीच्या धान्यवाटपांतही तो विचारला जात नाहीं.

योसेफाची कथा जमीनदारांस अधिक ओळखीची वाटेल. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पांचवा हिस्सा कोठारांत गेला, म्हणून पुढील सात वर्षें मिसर देश जगला. येथें भरंवशाचें रूप हिशेबाचें आहे. देवाचा संकेत ओळखणारा माणूस लागलीच कोठारें भरण्याच्या उद्योगास लागतो. पण उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायापर्यंत वाचणारे थोडे. तेथें त्याच धान्यासाठीं रयतेनें आधीं पैसा दिला, मग गुरें, मग शेतें, आणि शेवटीं स्वतःस. फारो साऱ्या भूमीचा धनी झाला. शास्त्र ही गोष्ट लपवीत नाहीं. ज्या मुलखांत एका वाईट सालाच्या कर्जापायीं शेत गेल्याची कथा गांवोगांव ऐकूं येते, तेथें हा अध्याय टीकेवांचून कळतो.

व्यापारी बंधूंसाठीं नीतिसूत्रांत एक वचन आहे. धान्य अडवून ठेवणाऱ्यास लोक शाप देतात, आणि तें विकणाऱ्यास आशीर्वाद मिळतो, असा त्याचा भाव. विकणाऱ्यास, हें ध्यानांत असावें. केवळ फुकट वांटणाऱ्यास नव्हे. इतवारींत रास्त भावानें उघडें राहिलेलें दुकानही या वचनाच्या पोटांत येतें.

नारायण वामन टिळकांस राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका युरोपियन सहप्रवाशाकडून नवा करार मिळाला, आणि त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें मन धरलें, ही हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. १८९५ सालीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्याच प्रवचनांत पेरणी न करणाऱ्या पांखरांचा दृष्टांत आहे. आळशी लोकांनीं त्याचा सोयीचा अर्थ केला. पांखरूं पेरीत नाहीं खरें, पण उजाडल्यापासून चारा शोधतें, आणि दुसऱ्याचा चारा कुलुपांत ठेवीत नाहीं. नुसत्या शुभेच्छा देऊन उघड्या-उपाशी माणसास वाटेस लावणाऱ्यांविषयीं याकोबानें आपल्या पत्रांत काय म्हटलें आहे, तें ज्यांनीं त्यांनीं घरीं वाचावें.

हबक्कूकाची प्रार्थना याहून निराळी. अंजीर फुलत नाहीं, द्राक्षवेलीस फळ नाहीं, शेतांत अन्न नाहीं, गोठ्यांत गुरें नाहींत, अशी एकेक हानि मोजून तो शेवटीं देवाच्या ठायीं आनंद मानतो. पुढील साल चांगलें येईल असें तो म्हणत नाहीं. अंजिराच्या ठिकाणीं कापूस व ज्वारी घाला, म्हणजे ही प्रार्थना विदर्भांतील कोणत्याही उजाड बांधावर उभी राहील. तिच्यावर अधिक बोलण्याचा आम्हांस धीर होत नाहीं.

क्लौद्य कैसराच्या कारकीर्दींतील दुष्काळाची सूचना अंत्युखियाच्या मंडळीस मिळाली, तेव्हां प्रत्येकानें ऐपतीप्रमाणें कांहीं काढून यहूदीयांतील बंधूंस पाठविलें, असें प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलें आहे. पुढें करिंथकरांस लिहितांना पौल अशाच एका वर्गणीविषयीं सांगतो कीं, रकमेच्या व्यवस्थेंत कोणी बोट दाखवूं नये म्हणून मंडळ्यांनीं निवडलेला माणूस बरोबर घेतला आहे. प्रेषितासही थैली एकट्यानें वाहणें योग्य वाटलें नाहीं. आमच्या खातेवहीवर दोघांच्या सह्या असतात त्या याच कारणानें. धान्य, कडबा, बियाणें व रोख यांचीं खातीं पुढील पानांवर निरनिराळीं छापलीं आहेत. त्यांपैकीं कडब्याच्या खात्यांत तूट आहे. ज्यांच्या गंजींत शिल्लक असेल त्यांनीं आठ दिवसांच्या आंत कळवावें. गाडीची व्यवस्था समिती करील, आणि पावती माल मोजून घेतांच हातीं दिली जाईल.