चालू होतो, पण कधी कधी

मंडळी, व्याख्यानमालेत लॅपटॉपच्या दुरुस्तीवर बोलायचं म्हणजे काहींना हा विषय हलका वाटेल. पण आपल्या जिल्ह्यात सातबारा, धानविक्रीची नोंदणी, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, दुकानाचा जीएसटी हे सगळं कित्येकदा आठ-दहा वर्षांच्या जुन्या यंत्रावर चालतं. सकाळी ते सुरू होईल की नाही, हे मालकालाही सांगता येत नाही.

पूर्ण बंद पडलेला लॅपटॉप दुरुस्तीला सोपा असतो. अधूनमधून रुसणारा मात्र कारागिराच्या टेबलावर हमखास चालू होतो! मग विंडोज नव्यानं टाकली जाते, चार दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून माझा आग्रह आहे की अशा बिघाडात स्क्रू ड्रायव्हरच्या आधी वही उघडावी. यंत्र गार होतं की तापलेलं, चार्जर लावलेला होता की नव्हता, दिवा लागला का, पंखा फिरला का, पडद्यावर कंपनीचं चिन्ह आलं का, एवढं प्रत्येक वेळी लिहा. आठवडाभराच्या नोंदींत बिघाडाची सवय बरीचशी कळते.

दिवाच लागत नसेल तर संशय वीजपुरवठ्यावर. ॲडॉप्टरवर साधारणपणे 100 ते 240 व्होल्ट लिहिलेलं असतं, त्यामुळे गावात दाब थोडा कमी झाला म्हणून तो लगेच मान टाकत नाही. गेलेली वीज परत येताना बसणारा झटका जास्त वाईट. जुना ॲडॉप्टर मीटरवर बरोबर 19 व्होल्ट दाखवतो आणि भार पडताच ढेपाळतो; म्हणून त्याच दाबाचा आणि पुरेशा वॅटचा दुसरा लावून पाहणं हीच खरी परीक्षा. पिन हलवल्यावर दिवा लुकलुकत असेल तर डीसी जॅक सैल झालाय. टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे. ती दाबू नका, टोचू नका, वापरही थांबवा.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळा, अशा वेळी आधी बाहेरचा मॉनिटर जोडून बघा. तोही काळा राहिला तर रॅमकडे वळा. इथे आपल्या झाडीपट्टीचं हवामान मध्ये येतं. अनेक कंपन्या वापरासाठी भोवतालच्या तापमानाची वरची मर्यादा 35 अंश सेल्सिअस देतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45च्या घरात! मग आपण लॅपटॉप कूलरसमोर ठेवतो आणि ओलसर हवा थेट त्याच्या पोटात जाते. रॅमच्या संपर्कपट्ट्यांवर मळ, गंज धरतो. राइस मिलच्या ऑफिसात कोंड्याची धूळ पंख्याच्या जाळीत बसते, ती निराळी. रॅम काढून, पट्ट्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसून पुन्हा बसवण्याचा जुना उपाय अजूनही कामाचा आहे. फक्त आधी चार्जर आणि बॅटरी काढा.

वारंवार तापून-निवून चिपचे जोडही तडकतात. गार असताना तडा उघडा राहतो, तापल्यावर मिटतो, म्हणून काही यंत्रं दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नालाच उठतात. हा दोष स्वस्त यंत्रांपुरताच नाही. 2008 साली एनव्हिडियासारख्या कंपनीला लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स चिप अशाच निकामी होऊ लागल्यामुळे 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढावे लागले होते. गरम हवा मारून असा बोर्ड जिवंत करून देतात, पण ते थोड्या दिवसांचं सुख. जुन्या यंत्रावर त्यासाठी मोठा खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चिन्ह येतं आणि गाडी तिथेच अडते, तेव्हा हार्ड डिस्क तपासा. टकटक आवाज म्हणजे तिचे दिवस भरत आलेत. तारीख दर वेळी मागे जात असेल तर सीमॉसचा 3 व्होल्टचा सेल संपलाय. तारीख चुकली की सुरक्षा प्रमाणपत्र जुळत नाही, सरकारी संकेतस्थळ उघडत नाही आणि आपण उगाच इंटरनेटला शिव्या देतो. रिस्टार्ट नीट होतं, पण शटडाउननंतर सकाळी अडतं, असं असेल तर विंडोज 8 पासून आलेलं फास्ट स्टार्टअप बंद करून बघा. त्यात शटडाउन पुरतं होत नाही, रिस्टार्ट मात्र पूर्ण होतं.

एका वेळी एकच गोष्ट बदला. रॅम, ॲडॉप्टर, विंडोज सगळं एकदम बदललं तर दोष कशात होता ते कधीच कळणार नाही आणि बिल तेवढं वाढेल.

आणि एक विनंती. यंत्र आज सुरू झालं असेल तर तपासणी उद्या करा. आज रात्री फक्त घरातली कागदपत्रं, फोटो आणि हिशेब दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.